कॅसेट उतरवताना कान कुठे ठेवायचा

ताई, आधी तुमचा प्रश्न मला समजला तसा मांडतो. पारोळ्याकडच्या तुमच्या माहेरी पत्र्याच्या पेटीत चौदा कॅसेटी निघाल्या. मोठ्या मायने आणि तिच्या सोबतिणींनी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), कानबाईच्या उत्सवाच्या रात्री आणि हळदीला म्हटलेली अहिराणी गाणी, घरच्याच टेपवर भरलेली. तुम्ही एक जुना कॅसेट डेक मिळवला, लॅपटॉपला वायर जोडली, ऑडॅसिटी हे आवाज भरायचं सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर लाट उमटते, पण लॅपटॉपमधून ऐकू काहीच येत नाही. कुणाच्या तरी सांगण्यावरून ऑडॅसिटीत आणि विंडोजमध्येही ऐकण्याची खूण केली तर प्रत्येक शब्द दोनदा येतो, आणि स्पीकर मोठा केला की शिट्टी वाजते. म्हणून तुम्ही विचारलंत : लाट दिसतेच आहे, मग ऐकायची गरज काय? शिवाय एका कॅसेटवर गाण्यामागे कुणीतरी उलटं बोलल्यासारखं पुसट ऐकू येतं, ते काय?

गरज आहे, आणि हे मी आग्रहाने सांगतो. लाटेवरून आवाज किती आहे ते कळतं, कसा आहे ते कळत नाही. कूलरची घरघर असो की मोठ्या मायचा गळा, लाट दोन्हीची उमटते. मी हे काम सुरू केलं तेव्हा अमळनेरकडच्या एका घरातून कीर्तनाच्या कॅसेटी आणल्या होत्या. जोडणी केली, लाट दिसली, आणि मी दुसऱ्या कामाला लागलो. संध्याकाळी ऐकायला बसलो तर कीर्तनात कुकरच्या शिट्ट्या आणि रस्त्यावरच्या रिक्षा. वायर जागेवर होती, पण लॅपटॉप ऐकत होता स्वतःच्या आतल्या माइकने, टेपच्या स्पीकरमधून खोलीत पसरलेला आवाज. पुन्हा उतरवायला घेतलं तेव्हा एका कॅसेटची फीत निम्म्यावर चिकटली आणि तुटली, पुढची जागोजाग चुरगळली. त्या कीर्तनाचा उत्तरार्ध आज कुकरच्या शिट्ट्यांसकट तेवढाच उरला आहे. त्या दिवसापासून फीत फिरत असताना मी खुर्ची सोडत नाही.

म्हणून पहिली परीक्षा ही. कॅसेट न लावता ऑडॅसिटीत माइकचं चित्र असलेल्या मीटरवर मॉनिटरिंग सुरू करा (यासाठी रेकॉर्डिंग चालू करावं लागत नाही) आणि लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला नखाने टकटक करा. मीटर उडालं तर तुम्ही आतला माइक निवडला आहे. ते बदला, मगच पुढे जा. दोन सेकंदांचं काम आहे.

आता ऐकू का येत नाही ते. संगणकात येणारा आवाज आणि बाहेर जाणारा आवाज या दोन वेगळ्या वाटा आहेत. आत आलेलं बाहेर ऐकव असं सांगितल्याशिवाय तो ऐकवत नाही. सांगायच्या जागा दोन. ऑडॅसिटीच्या रेकॉर्डिंग सेटिंगमधलं 'सॉफ्टवेअर प्लेथ्रू' (काही आवृत्त्यांत नाव वेगळं आहे), आणि विंडोजच्या साउंड पॅनलमध्ये रेकॉर्डिंगच्या यादीतल्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधलं 'लिसन टू धिस डिव्हाइस'. दोन्ही वाटांनी आवाज थोडा उशिरा येतो, कारण संगणक आवाजाचे तुकडे साठवून मग पुढे ढकलतो. ऑडॅसिटीत हा साठा मुळात १०० मिलिसेकंदांचा ठरवलेला असतो. तुमच्याकडे दोन्ही खुणा चालू आहेत, आणि प्रत्येक वाट वेगळ्या वेळी पोचते, म्हणून शब्द दोनदा. एकच ठेवा. मी ऑडॅसिटीची ठेवतो, कारण रेकॉर्ड होणारा आवाज तिच्याच हातात असतो.

हा उशीर फक्त तुमच्या कानापर्यंतच्या वाटेवर आहे, फाइलमध्ये तो जात नाही. त्याला घाबरू नका. शिट्टी मात्र फाइलमध्ये जाते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, असं चक्र फिरलं की लग्नाच्या मांडवात वाजते तीच शिट्टी. म्हणजे तुमच्याकडेही आतला माइकच निवडलेला आहे, वरची टकटक करून पाहाच. असंच दुसरं चक्र 'स्टिरिओ मिक्स' (संगणक स्वतः वाजवतो तोच आवाज भरणारी निवड) निवडल्यावर प्लेथ्रू चालू ठेवलं की होतं. स्पीकर बंद, हेडफोन डोक्यावर, आणि निवड लाइन-इनची (बाहेरच्या यंत्राचा आवाज वायरने आत घेणाऱ्या भोकाची), एवढं केलं की हा त्रास संपतो.

लाइन-इन म्हटलं, पण नव्या लॅपटॉपला ते भोकच नसतं, आणि बहुतेक घरी गाडी इथेच अडते. लॅपटॉपला हेडफोन-माइकचं एकच भोक असतं. त्यातली माइकची बाजू मोनो, म्हणजे डावा-उजवा असे दोन चॅनल नसलेली, आणि ती माइकच्या अगदी क्षीण आवाजासाठी बनवलेली. डेकच्या लाइन-आउटमधून (वायरने आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून) येणारा आवाज तिच्या मानाने फारच जोरकस. तो आत शिरताक्षणी माथ्यावर कापला जातो, आणि त्यानंतर तुम्ही पडद्यावरची पट्टी खाली ओढता. मीटर हिरवं, लाट लहान, आणि आवाज फाटका! पट्टी कितीही खाली ओढा, फाटलेलं शिवलं जात नाही. मीटरला हे कधीच कळत नाही, कानाला पहिल्याच ओळीत कळतं.

यावर उपाय यूएसबीच्या छोट्या डब्याचा. मी बेहरिंगर यूसीए२०२ वापरतो. त्याला डेकच्या लाल-पांढऱ्या पिना सरळ बसतात, हेडफोनचं वेगळं भोक आहे, आणि मॉनिटरचं एक बटण आहे. बटण चालू असलं की डेककडून येणारा आवाज थेट कानात, जराही उशीर न होता. बंद केलं की संगणकाकडून परत येणारा. त्यावर रेकॉर्डिंगची पातळी फिरवायला काही नाही, पण लाइन-आउटचा आवाज सहसा त्यात नीट मावतो. ते बटण मात्र मला फार मोलाचं वाटतं. कारण कान ठेवायच्या जागा दोन आहेत आणि दोन्ही ठिकाणी वेगवेगळं ऐकू येतं.

डेकपाशी ऐकलं तर फितीची तब्येत कळते. संगणकाच्या पलीकडे ऐकलं तर फाइलमध्ये खरंच काय पोचतंय ते कळतं. फक्त डेकपाशी ऐकून फसलेले लोक मी पाहिले आहेत. विंडोजमध्ये आणि काही लॅपटॉपच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये बोलणं स्वच्छ करण्याच्या सोयी असतात : गोंगाट कमी करणं, आवाज आपोआप कमी-जास्त करणं. फोनवरच्या गप्पांसाठी त्या ठीक. गाण्यात सतत चालणारा सूर त्यांना गोंगाटच वाटतो. कानबाईच्या गाण्यात बायका ओळीचा शेवट लांबवून धरतात ना, तो धरलेला सूर हळूहळू विरत जातो आणि दोन ओळींमधली शांतता अचानक सूं करत फुगते. डेकवर सगळं ठीक, फाइलमध्ये गाणं खाल्लेलं. 'एन्हान्समेंट्स' नावाचं जे जे दिसेल ते बंद करा आणि पलीकडच्या बाजूने ऐकून खात्री करा.

म्हणून माझी रीत अशी. कॅसेट सुरू करताना पहिली पाच मिनिटं संगणकाच्या बाजूने ऐकतो. मग दोन मिनिटं रेकॉर्ड करून, थांबवून, तीच फाइल वाजवून ऐकतो. समाधान झालं की कॅसेट मागे नेऊन खरं रेकॉर्डिंग सुरू करतो आणि तेव्हा कान डेकच्या बाजूला ठेवतो. तिथे उशीर नाही, आणि फीत गुंतायला लागली तर सेकंदाच्या त्या छोट्याशा हिश्श्याची बचतही फीत वाचवते.

डबा घेणं जमणार नसेल आणि टेपच्या हेडफोनच्या भोकातूनच आवाज काढायचा असेल, तर दुभाजक पिन लावून एक टोक संगणकाला आणि एक कानाला देता येतं. पण मग दोघांना एकच व्हॉल्यूम. कानाला मोठं हवं म्हणून चाक फिरवलंत की फाइलमध्येही आवाज उडी मारतो. हेडफोन मध्येच काढला किंवा लावला तरी पातळी हलते. सुरुवातीला ठरवा आणि त्या बाजूचं रेकॉर्डिंग संपेपर्यंत हात लावू नका. पातळी ठरवताना सगळ्यात जोराचा भाग शोधा. हळदीच्या कॅसेटीवर तो बहुधा डफाचा किंवा सगळ्याजणी एकदम हसल्याचा असतो. तो मीटरवर −६ डेसिबलच्या आसपास थांबला की पुरे. लाट बारीक दिसली तरी चालेल, नंतर वाढवता येते.

हेडफोन वायरचा आणि कान पूर्ण झाकणारा घ्या. ब्लूटूथचा नको. त्यात आणखी उशीर असतो, आणि त्याचा माइक चुकून निवडला गेला की सगळाच आवाज फोनवरच्यासारखा पिचका होतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर भरवसा ठेवू नका. ५० हर्ट्झची विजेची घरघर ते वाजवूच शकत नाहीत. सहा कॅसेटी उतरवून झाल्यावर पोराच्या मोठ्या स्पीकरवर लावलं तेव्हा घरघर कळली, असं सांगत आलेले लोक आहेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ पर्यंत जातो, कूलर बंद ठेवून बसणं शक्य नाही. वायरने जोडलेलं असेल तर कूलरचा आवाज फाइलमध्ये जात नाही, पण तुमच्या कानापर्यंत येतो आणि फितीचे दोष झाकतो. त्याची मोटर चालू-बंद झाली की टक्क असा झटका मात्र लाइनमधून येऊ शकतो. म्हणून मी उन्हाळ्यात हे काम पहाटे पाच ते आठ करतो.

घरघर ऐकू आलीच, तर ती फितीत आहे की जोडणीत, हे आधी ठरवा. डेक चालू ठेवून फीत थांबवा. घरघर राहिली तर ती जोडणीतली. मग लॅपटॉपचा चार्जर काढा. बहुतेक वेळा त्याच क्षणी शांतता होते, कारण डेक आणि लॅपटॉप दोघांच्या अर्थिंगमधून एक चक्र तयार झालेलं असतं. तसं असेल तर लॅपटॉप भरून घ्या आणि एक बाजू बॅटरीवर उतरवा. साठच्या कॅसेटीची एक बाजू तीस मिनिटांची, तेवढं कोणतीही बरी बॅटरी ओढते. घर इन्व्हर्टरवर असताना काम करू नका. साध्या इन्व्हर्टरची कर्कश गुणगुण वेगळीच असते आणि ती नंतर काढताना गळ्यातलंही काहीतरी जातं.

आता ज्यासाठी कान खरोखर लागतो ते. तुम्ही लिहिलंत की काही कॅसेटी घोंगडी पांघरून गायल्यासारख्या वाटतात. फीत जुनी झाली असं सगळे म्हणतात. मी आधी डेकचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, पाहतो. प्रथम ते पुसा : आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, आणि हेडसोबत रबरी पिंच रोलर आणि त्याच्या शेजारची दांडीही. काडी तपकिरी निघेनाशी होईपर्यंत. तरीही दबका आवाज राहिला तर हेडचा कोन. ज्या टेपवर मोठ्या मायने भरलं त्याचं हेड फितीला जरा तिरपं असेल, तर तुमच्या डेकचं सरळ हेड ते नीट वाचू शकत नाही. खालचे सूर येतात, वरचे विरतात. फितीची पूर्ण रुंदी ३.८१ मिलिमीटर, तिच्या निम्म्या भागात एक बाजू, आणि फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते. एवढ्या बारीक मामल्यात केसभर तिरपेपणा पुरतो.

हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. बऱ्याच डेकचं झाकण काढलं की तो दिसतो. त्याची मूळची जागा आधी मार्करने खुणेने धरून ठेवा. कॅसेट चालू ठेवून, हेडफोनमध्ये ऐकत, चुंबक नसलेल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने तो किंचित फिरवा. पाव वळणाच्या आत काम होतं. ऐकायचं काय, तर बांगड्यांची किणकिण, टाळीचा चटका, शब्दातला 'स' आणि 'च'. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोमध्ये ऐकलं तर फरक आणखी ठळक होतो. कोन चुकलेला असताना एकत्र केलेला आवाज पोकळ वाटतो, आणि बरोबर जागेवर आला की एकदम उजळतो. एरंडोलच्या एका घरची जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट मी अशी उघडली. तोवर जात्याची नुसती घरघर होती, आणि मग अचानक दाणे पडताना ऐकू आले. कोणत्याही सॉफ्टवेअरच्या ट्रेबलने ते दाणे आणता आले नसते, कारण फितीवरून ते उचललेच गेले नव्हते. प्रत्येक टेपवरच्या कॅसेटींचा कोन वेगळा. एका घरातल्या, एका काळातल्या कॅसेटी एकत्र लावल्या की पुन्हा पुन्हा फिरवावं लागत नाही. डॉल्बीचं (फितीची सरसर दाबणाऱ्या सोयीचं) बटण बंदच ठेवा. घरच्या मोनो टेपवर भरलेल्या फितीत डॉल्बी नसते, आणि चालू ठेवलं तर आवाज उगाच दबतो.

वेगाकडेही कान हवा. वीज नसताना सेलवर भरलेल्या कॅसेटी मला खानदेशात फार मिळतात. सेल उतरत गेले की भरताना फीत हळू चालते. आज डेकवर ती ठरल्या वेगाने फिरते, म्हणून शेवटी शेवटी गळा बारीक आणि घाईचा होत जातो. हा दोष उतरवताना दुरुस्त करायचा नाही, जसा आहे तसा घ्यायचा आणि वहीत मिनिट लिहून ठेवायचं. नंतर तुकड्या-तुकड्याने वेग कमी करता येतो. त्याच कॅसेटीवर आधी आकाशवाणीवरून काही भरलेलं असेल आणि केंद्राच्या सुरुवातीची धून सापडली, तर वेग किती चुकलाय हे ताडायला ती फार उपयोगी, कारण तिची पट्टी सगळ्यांना माहीत आहे. याउलट पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळंच संथ आणि जड वाटलं तर दोष तुमच्या डेकच्या सैल बेल्टचा. तो बदलल्याशिवाय एकही कॅसेट उतरवू नका.

कॅसेट लावण्याआधी मागच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे दात तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसली जाणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे न्या. पत्र्याच्या घरात वर्षानुवर्षं तापलेल्या फितीचे थर एकमेकांना धरून बसलेले असतात. नव्वदच्या कॅसेटीची फीत साठच्यापेक्षा पातळ, १२० ची त्याहून पातळ, तिला पुढे-मागे नेणं शक्यतो टाळा.

खरं रेकॉर्डिंग सुरू झालं की बोट थांबण्याच्या बटणापाशी. आवाज लडखडायला लागला, गचके आले, तर लगेच थांबवा. फीत रोलरला गुंडाळायला सुरुवात झाली असू शकते. वरचे सूर हळूहळू मंदावले, किंवा एक कान रिकामा झाला, तर फितीची पूड हेडवर बसली. थांबवा, पुसा, थोडं मागे नेऊन पुन्हा सुरू करा. जोड नंतर लावता येतो. किंचाळल्यासारखा आवाज आला तर फीत किंवा कॅसेटची आतली सरकपट्टी घासते आहे. फीत दुसऱ्या चांगल्या कवचात हलवावी लागेल. गाण्याची पहिली ओळ सुरू होण्याआधीच ती पुसट ऐकू आली, तर तो डेकचा दोष नाही. गुंडाळलेल्या थरांनी एकमेकांवर उमटवलेली ती छाया आहे, उष्णतेने वाढलेली. ती तशीच राहू द्या.

आणि शक्य असेल तर दुसरा हेडफोन लावून मोठ्या मायच्या वयाचं कुणीतरी शेजारी बसवा. हे मी हौस म्हणून सांगत नाही. शहाद्याच्या एका आजीबाईंना मी असं बसवलं होतं. चार बायकांचे आवाज मला सारखेच वाटत होते. तिसऱ्या कडव्याला त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "हाई मनी माय शे." ही माझी आई आहे. मी वहीत मिनिट आणि नाव लिहिलं. ते नाव फितीवर कुठेच नव्हतं, आणि फाइलमध्ये आपोआप येणारही नव्हतं. कोणतं गाणं, कोण म्हणतंय, कोणत्या सणाचं, न कळणाऱ्या शब्दाचा अर्थ, हे सगळं फीत फिरत असतानाच विचारून घ्या. पुढल्या आखाजीपर्यंत थांबू नका.

फाइल वेव्ह स्वरूपातच ठेवा. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. साठच्या एका कॅसेटीला ६०० एमबीच्या वर जागा लागते, चौदाही एका पेन ड्राइव्हमध्ये मावतील. खरखर काढायची तर प्रतीवर काढा.

राहिली ती उलटं बोलणारी कॅसेट. ते दुसऱ्या बाजूचं गाणं आहे. फितीच्या निम्म्या रुंदीत एक बाजू, उरलेल्या निम्म्यात दुसरी, आणि ती विरुद्ध दिशेने भरलेली. हेड जरा वर-खाली सरकलेलं असेल, भरणाऱ्या टेपचं किंवा तुमच्या डेकचं, तर ते सीमा ओलांडून शेजारचंही थोडं वाचतं. तुमच्या कॅसेटी मोनो आहेत, पण डेकचं हेड स्टिरिओ आहे, त्याचा इथे फायदा घ्या. त्याचा एक चॅनल फितीच्या कडेला वाचतो, दुसरा मधल्या सीमेजवळ. स्टिरिओमध्ये उतरवा, मग डावा आणि उजवा वेगवेगळे करून एकेक ऐका. एकात ती उलटी कुजबुज ठळक असेल, दुसऱ्यात जवळजवळ नाहीच. गाणं दोन्हीकडे तेच आहे. कुजबुज नसलेला चॅनल ठेवा, त्याचीच मोनो प्रत करा, आणि मूळ स्टिरिओ फाइल तशीच बाजूला ठेवा. दोन्हीकडे सारखीच कुजबुज आली तर ती कॅसेट माझ्याकडे पाठवण्याआधी एखाद्या दुसऱ्या डेकवर लावून पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानेच ती जाते.